कल्पनेतून काढायचं तर आधी वही भर

पोरी, कल्पनेतली चित्रं काढायची म्हणतेस, तर डोळे मिटून बसू नकोस. मिटल्या डोळ्यांना दिसतं ते आधी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलंच असतं.

पर्समध्ये मावेल अशी वही ठेव. किल्ली, चप्पल, वाळकं पान, समोर येईल ते काढ. रोज एक वस्तू नीट बघायची, पाठ फिरवायची आणि मग काढायची. जे आठवणार नाही ते तू पाहिलंच नव्हतंस. पुन्हा बघ. चित्रकार प्रभाकर बरवेंनी डायऱ्यांमधून असाच विचार केला. त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान अशाच साध्या वस्तू असतात. पण सपाट इनॅमल रंगात त्या अशा सुट्या मांडलेल्या, की रोजचं पानही अनोळखी वाटावं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक वाच, पण एका दमात संपवू नकोस.

जगात नसलेला प्राणी काढायचा तर त्याचा एकेक अवयव जगातून आण. लिओनार्दोने खोट्या ड्रॅगनसाठी कुत्र्याचं डोकं, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, कासवाची मान घ्यायला सांगितलंय. आपल्या गडांच्या दरवाजांवरचा शरभ बघ. तसा प्राणी कुणी पाहिलेला नाही, तरी पंजा कसा रोवलाय! वजन खरं वाटलं की प्राणी खरा वाटतो.

काही सुचेना तर पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीपुढे बस. हेही लिओनार्दोचंच. डागांत डोंगर, झुंजी, चेहरे दिसतात. पहिला दिसेल तो आकार सोड, तो सगळ्यांनाच दिसतो. तिसरा-चौथा तुझा.

मोठ्या कॅनव्हासला लगेच हात घालू नकोस. काडेपेटीएवढ्या चौकटी आखून पांढरा, करडा, काळा एवढ्यावरच मांडणी करून बघ. तिथे उभं राहिलं नाही ते तीन फुटी कॅनव्हासवरही राहत नाही.

काळ्या रंगाची ट्यूब काही दिवस कपाटात ठेव. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद कर. निळा वाढवलास की सावली थंड, सिएना वाढवलास की ऊबदार. तेलरंगात खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलकट. उलट केलंस तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडकतो.

आणि चित्रं मोजू नकोस. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. ब्रश हातात नसतानाचा वेळही त्यांच्या कामाचाच होता. झालंसं वाटलं की चित्राचं तोंड भिंतीकडे कर. आठवड्याने ते आरशात बघ. खुपेल तेवढंच दुरुस्त कर. काहीच खुपलं नाही तर सही कर, ब्रश धू आणि वहीचं पुढचं पान उघड.