गुणगुण स्पीकरची नव्हती

बिदरच्या आमच्या घरात कॉम्प्युटरला पॉवर्ड स्पीकरची जोडी लावली, त्याला आता सहा वर्षं झाली. सकाळी आई त्यावर भजनं ऐकते, रात्री मी मल्लिकार्जुन मन्सुरांचं गाणं ऐकतो. या काळात जे कळलं ते असं:

१. आधी स्पीकरची मागची बाजू बघा. पॉवर्ड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेला. त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नको, पण विजेची जोडणी हवी. कॉम्प्युटरच्या हिरव्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून आवाज बाहेर येतो. स्पीकरला लाल-पांढरी आरसीए भोकं असतील, तर एका टोकाला ३.५ मिलिमीटरची आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली वायर मागायची.

२. ‘हूंऽऽ’ असा आवाज आला की लगेच स्पीकरला दोष देऊ नका. आमच्याकडे तो पहिल्याच उन्हाळ्यात सुरू झाला. गाणं थांबलं तरी गुणगुण चालूच. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की झिणझिण्या यायच्या. एका दुकानदाराने स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायला सांगितली. आमच्या जुन्या वायरमन चाचांनी मात्र हातातली पक्कड खाली ठेवायला लावली आणि थेट अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला. आत लाल जांभा, अगदी कोरडा ठणठणीत. जांभ्यात पाणी थांबत नाही, मुरून खाली जातं. बहामनी काळात बिदरमध्ये करेझ, म्हणजे पाण्याचे भुयारी कालवे, खोदले, ते याच गुणामुळे. पण वरचा थर वाळला की जमिनीशी विजेचा संबंध नावापुरताच उरतो. चाचांनी जुना गंजलेला जोड बदलला, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं, वरून चार घागरी पाणी ओतलं. झिणझिण्या गेल्या, गुणगुण अर्ध्यावर आली.

उरलेली गुणगुण वेगळ्या कारणाची होती. कॉम्प्युटर एका भिंतीच्या बोर्डावर, स्पीकर समोरच्या भिंतीच्या. दोन वाटांनी अर्थिंग, मध्ये आवाजाची वायर, आणि त्या फेऱ्यातून फिरणारी ५० हर्ट्‌झची वीज. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले आणि घर शांत झालं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर कारण तिथेच आहे.

३. कलबुर्गीला बहिणीकडे हेच स्पीकर नेले तर आवाज घुमायला लागला. शहाबाद त्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे घरभर शहाबादी फरशी, भिंती उघड्या. आवाज फरशीवर आपटून परत येत होता. स्पीकरसमोर जाड गोधडी अंथरली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, उंच सूर काढणारा छोटा गोल कानाच्या उंचीला आणला. भाऊजी म्हणाले, “आता शब्द कळतात!” नवे स्पीकर घेण्याआधी गोधडी घालून बघा.

४. सुरू करताना आधी कॉम्प्युटर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर ‘धप्प’ होतो आणि स्पीकरच्या पडद्याला धक्का बसतो.

दर वर्षी फाल्गुन संपला की मी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सुरुवात करतो. तुम्हीही घाला. आणि कोणीही सांगितलं तरी ती वरची जाड पिन कापू देऊ नका. आत बिघाड झाला, तर स्पीकरच्या पत्र्यात उतरलेली वीज त्या पिनेवाटे जमिनीत जाते. पिन नसली तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते.