वर्गात प्रत्येक घराला जागा



मुलांच्या शाळेचा विषय निघाला की आपण गुण, गणवेश आणि फी यांविषयी बोलतो. आज आपण वेगळ्या गोष्टीचा विचार करू या. आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसते, आणि त्याचे घर वर्गात कितपत पोहोचते?

आपला जालना जिल्हा अनेक बोलींचा आहे. मंठा, परतूर भागात बंजारा तांडे आहेत. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे बिहार आणि उत्तर प्रदेशातील कामगार येथे आले. मोंढ्यात मारवाडी कुटुंबे आहेत, तर अनेक मुसलमान घरांत दखनी उर्दू बोलली जाते. त्यामुळे पहिलीच्या एकाच वर्गात जन्मदात्रीला ‘आई’, ‘याडी’, ‘अम्मी’ आणि ‘माई’ म्हणणारी मुले असू शकतात.

तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. शाळेत प्रश्न मराठीत येतो आणि ते गप्प राहते. मग ‘हे मूल मंद आहे’ असा शिक्का बसतो. वास्तविक ते एकाच वेळी नवी भाषा आणि त्या भाषेतील अक्षरे अशी दोन कामे करीत असते. तक्त्यावर ‘य’ साठी कोणताही शब्द असो, त्याच्या पाटीवर ‘य’ याडीचा झाला तर अक्षर त्याला लवकर ओळखीचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलमही हेच सुचवते : शक्य असेल तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे आणि मूल भीतीपासून मुक्त असावे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागेल. समानता म्हणजे सारखेपणा नव्हे. सर्वांना एकच प्रश्न एकाच भाषेत विचारणे वरवर न्याय्य दिसते. पण ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याच्यावर तो अन्याय ठरतो. समान मान द्यायचा असेल तर वेगळेपण आधी पाहावे लागते.

२६ जानेवारीला मुले पंजाबी, गुजराती वेश करून नाचतात. ते पाहून आम्हांलाही आनंद होतो. पण गावाशेजारच्या तांड्यावरील आजीला, तिच्या आरसे लावलेल्या फेटिया-कांचळीसह, वर्गात कोणी बोलावले का? दूरच्या प्रांताचे कौतुक सोपे असते. शेजाऱ्याचे कौतुक करण्यासाठी मन मोठे लागते.

घराघरांतील परिस्थितीही वेगळी असते. घनसावंगी, अंबड, मंठा या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले सोबत जातात व त्यांची शाळा तुटते. काही आजीजवळ राहतात. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली. ‘माझे कुटुंब’ हे चित्र काढताना अशा मुलाला आईवडिलांच्या जागी आजी काढू द्यावी. आणि मोळी कशी बांधतात, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ का म्हणतात, हे परिसर अभ्यासाच्या तासाला त्यानेच सांगावे. त्या दिवशी वर्गाचा गुरुजी तो असेल.

ख्रिस्ती माणसाला हा विचार परका नाही. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी आधी लोकांची भाषा शिकून घेतली आणि मग मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. शिकवणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावे, हा धडा त्यातून आपण घ्यावा.

आपल्या धर्मग्रामातील शिक्षक आणि पालकांना आम्ही तीन गोष्टी सुचवतो :

१. आठवड्यातून एकदा एखादी वस्तू घ्यावी – पाणी, भाकरी, पाऊस – आणि तिला प्रत्येक घरात काय म्हणतात ते फळ्यावर लिहावे.

२. नाताळाचा फराळ वाटताना ईदचा शिरखुर्मा आणि बंजारा मुलींची तीज यांविषयीही मुलांनाच सांगू द्यावे.

३. मुलाचे नाव त्याच्या घरी उच्चारतात तसेच उच्चारावे.

मात्र काळजीही घ्यावी. भर वर्गात कोणाची जात विचारू नये. कोणाच्या गरिबीचे प्रदर्शन करू नये. ज्या मुलाला घराविषयी बोलायचे नाही, त्याला गप्प राहण्याची मोकळीक असावी.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाने देवाची थोर कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा बोलायला लावली नाही.

कुटुंबात चर्चेसाठी :

• आपल्या मुलाच्या तीन वर्गमित्रांच्या घरी कोणती भाषा बोलतात?

• आपल्या घरात कोणत्या समाजाविषयी थट्टेने बोलले जाते? मुले ते ऐकतात का?

• या महिन्यात आपण कोणत्या वर्गमित्राला घरी जेवायला बोलावणार?