खेळाच्या तासाला मूल किती हालते? : निरीक्षण व सुधारणा

वाचन, लेखन व गणित या विषयांतील प्रगती अजमावण्याची साधने प्रत्येक शिक्षकाजवळ असतात. मुलाकडून उतारा वाचून घेता येतो, उदाहरणे तपासता येतात, शुद्धलेखनातील चुका मोजता येतात. खेळाच्या तासिकेची नोंद मात्र बहुधा ‘तासिका झाली’ एवढ्या दोन शब्दांत संपते. वर्ग मैदानावर गेला, गलका झाला, काही मुले घामाघूम होऊन परतली, म्हणजे तास चांगला झाला असे आपण समजतो. घामाघूम झालेली मुले किती होती आणि ज्यांना घाम आलाच नाही ती कोण होती, हा प्रश्न मात्र मागे राहतो. तो प्रश्न विचारावा कसा व त्याच्या उत्तरावरून तास सुधारावा कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

1. हालचालीची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक आहे. स्नायू व हाडे बळकट करणारी, तसेच दम लागेल अशी जोमदार हालचाल आठवड्यातून निदान 3 दिवस असावी. धावणे, उड्या मारणे, लंगडी घालणे, चढणे ही त्याची साधी रूपे होत. ही 60 मिनिटे सलग असावयास हवीत असे नाही. सकाळची पायपीट, मधल्या सुटीतील खेळ व सायंकाळचा विटीदांडू यांची बेरीज चालते.

मध्यम व जोमदार यांतील भेद ओळखण्यास उपकरण लागत नाही. मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा हालचाल मध्यम समजावी. दोनचार शब्द बोलताच दम घ्यावा लागतो, तेव्हा ती जोमदार होय.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 146 देशांतील 11 ते 17 वर्षांच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली होती. 2016 साली त्यांपैकी शेकडा 81 मुलांची हालचाल पुरेशी नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण शेकडा 78, तर मुलींत शेकडा 85 होते. ‘हे शहरांचे दुखणे, खेड्यातले मूल हिंडतेफिरतेच’ असे म्हणून हा विषय बाजूला सारणे योग्य नाही. आज अनेक गावांतील मुले जीपगाडीने वा दुचाकीवर मागे बसून शाळेत येतात, व सायंकाळी ओट्यावर मोबाईल पाहत बसलेली दिसतात. उलटपक्षी काही मुले दूरवरून पाणी आणून व शेतात राबून शाळेत येतात. एकाच बाकावर ही दोन्ही मुले बसतात. म्हणून अंदाजापेक्षा निरीक्षण बरे.

2. तासाचा हिशेब

एका साध्या उदाहरणाने प्रारंभ करू. वर्गात 40 मुले आहेत. शिक्षकांनी 10-10 मुलांच्या 4 रांगा करून 20 मिनिटे धावण्याची चढाओढ घेतली. प्रत्येक रांगेतून एका वेळी एकच मूल धावते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 2 मिनिटे धावणे व 18 मिनिटे उभे राहणे येते. याच मुलांच्या 5-5 च्या 8 रांगा केल्यास धावण्याची वेळ दुप्पट, म्हणजे 4 मिनिटे होते. मैदान तेच, वेळ तीच. फरक केवळ रचनेचा.

दुसरे उदाहरण संगीत खुर्चीचे. यात प्रथम बाद होते ते सर्वांत मंद मूल, व सर्वांत चपळ मूल शेवटपर्यंत खेळते. ज्याला सरावाची गरज अधिक त्याला बसवावयाचे व ज्याला ती कमी त्याला खेळवावयाचे, असा उलटा न्याय या खेळात घडतो. वाचनाच्या तासाला अडखळणाऱ्या मुलाचे पुस्तक आपण काढून घेत नाही. मैदानावर मात्र तसेच घडते, आणि ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

3. निरीक्षणाची रीत

खेळाच्या तासाचे क्षणोक्षणी निरीक्षण करण्याची पद्धत थॉमस मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली अमेरिकेत मांडली. तिचे सार घेऊन आपल्या शाळेस जमेल अशी रीत पुढे दिली आहे.

(अ) आठवड्यातून एका तासिकेस चार मुलांचे निरीक्षण करावे. मुले आपल्या मनाने निवडू नयेत, कारण डोळा आपोआप चपळ मुलांकडे जातो. 40 च्या वर्गात पहिल्या आठवड्यास हजेरीपटावरील 1, 11, 21 व 31 हे क्रमांक घ्यावेत. दुसऱ्या आठवड्यास 2, 12, 22 व 32. दहा आठवड्यांत सर्व वर्ग पाहून होतो, व हजेरीपटावर मुलगे आधी आणि मुली नंतर असल्या तरी दोघांकडेही लक्ष जाते. आज कोणाकडे पाहत आहोत हे मुलांना सांगू नये.

(आ) दर मिनिटास एकदा या चौघांकडे दृष्टी टाकावी व त्या क्षणी मूल काय करीत आहे त्याची खूण वहीत करावी. बसलेले असल्यास ‘ब’, उभे असल्यास ‘उ’, चालत असल्यास ‘चा’, धावत वा उड्या मारीत असल्यास ‘धा’. तास घेणे व खुणा करणे एकट्यास जमत नसल्यास सहकारी शिक्षकाचे, किंवा घड्याळ वाचता येणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे साहाय्य घ्यावे.

(इ) तासाअंती बेरीज करावी. समजा, 30 खुणांपैकी एका मुलाच्या ब 11, उ 9, चा 6 व धा 4 आल्या. चा व धा मिळून 10, म्हणजे तृतीयांश झाल्या. तासाचा निदान निम्मा वेळ मूल हालते असावे, हे गमक शारीरिक शिक्षणात पुष्कळ ठिकाणी मानले जाते. त्या मानाने हा तास उणा ठरतो.

या खुणा मुलाला गुण देण्यासाठी नाहीत. त्यांवरून तासाचा दोष कळतो. ‘ब’ अधिक असतील तर खेळाचा नियम तपासावा; मुले बाद होऊन बसत असली पाहिजेत. ‘उ’ अधिक असतील तर रांगांची लांबी व आपल्या सूचनांची लांबी तपासावी. ‘चा’ पुष्कळ व ‘धा’ थोड्या असतील तर चेंडू वा मैदान मूठभर मुलांच्या हाती गेले आहे असे समजावे.

‘खेलो इंडिया’ उपक्रमातील 50 मीटर धाव, 600 मीटर धाव इत्यादी चाचण्यांचा हेतू निराळा आहे. त्या मुलाची क्षमता मोजतात. आपली नोंद त्याला मिळालेली संधी मोजते. चाचणीत मागे असलेल्या मुलास संधीही थोडी मिळत असेल, तर प्रथम संधी वाढविणे हे आपले काम होय. वाढीच्या वयात एकाच वर्गातील मुलांच्या शरीरांत मोठा फरक असतो. यास्तव चाचणीतील तुलना मुलाच्या मागील नोंदीशी करावी, शेजाऱ्याशी नव्हे.

4. सुधारणेचे उपाय

आपल्या परंपरेत कोणीही बाद होत नाही असे खेळ आहेत. विष-अमृतात ‘विष’ मिळालेला गडी जागीच थांबतो व सोबत्याच्या ‘अमृता’ने पुन्हा धावू लागतो. साखळीत पकडलेले मूल साखळीला जोडले जाऊन तेही इतरांना पकडू लागते. तासाच्या प्रारंभी असे खेळ 10 मिनिटे घ्यावेत.

खो-खो, लंगडी व कबड्डी सोडून द्यावयाची नाहीत, फक्त त्यांची मांडणी बदलावयाची आहे. खो-खोत एका बाजूचे 9 गडी मैदानात असतात, त्यांपैकी 8 बसलेले असतात व दुसऱ्या बाजूचे 3 धावतात. मोठ्या वर्गातील उरलेली मुले प्रेक्षक होतात. त्याऐवजी कमी गड्यांची दोन-तीन छोटी मैदाने आखावीत. बाद झालेल्याने कडेला 10 दोरीउड्या मारून पुन्हा खेळात यावे. दोरी काथ्याची चालते.

तासिका नसलेल्या दिवसांसाठी स्कॉटलंडमधील एक उदाहरण उपयोगी आहे. स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी 2012 साली मुलांना रोज 15 मिनिटे बाहेर नेऊन आपापल्या गतीने धावू वा चालू देण्याची प्रथा सुरू केली. पोशाख बदलणे नाही, स्पर्धा नाही, साहित्य नाही. आपल्या शाळेस हे सहज जमेल. पावसाळ्यात व्हरांड्यात सूर्यनमस्कार, फुगडी, झिम्मा व लेझीम घ्यावीत.

5. मोठ्या मुलींकडे विशेष लक्ष

सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलींच्या ‘धा’ खुणा घटताना दिसल्यास त्याचे कारण आळस आहे असे मानू नये. मैदान मुलग्यांनी व्यापलेले असते, पोशाख अडचणीचा असतो, पाहणाऱ्यांचा संकोच वाटतो, घरी कामाचा बोजा असतो. मैदानाचा ठराविक भाग वा ठराविक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी व खेळाची निवड त्यांच्याकडून करवावी. मासिक पाळीच्या दिवसांत निरोगी मुलीस नेहमीचा खेळ वर्ज्य नाही. तथापि त्या दिवशी खेळावे की नाही हे तिनेच ठरवावे व तिला कारण विचारू नये. शाळेतील स्वच्छतागृह व पाणी यांची सोय हीदेखील खेळाचीच सोय होय. सभेत पालकांना हे शांतपणे समजावून द्यावे.

6. घ्यावयाची काळजी

जेवणानंतर लगेच, वा उन्हाळ्यात भर दुपारी जोमदार खेळ घेऊ नयेत. पाणी जवळ असावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्या, तसेच विदर्भ व नंदुरबार भागातील सिकलसेलग्रस्त मुलांना किती श्रम द्यावेत हे डॉक्टरांना विचारावे. अशा मुलांना मध्येच थांबण्याची व पाणी पिण्याची मोकळीक असावी. मुलांची वजने सर्वांसमक्ष वाचून दाखवू नयेत. धावणे वा उठाबशा शिक्षा म्हणून कधीही देऊ नयेत. शारीरिक शिक्षेस 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहेच. शिवाय व्यायाम ज्याला शिक्षा म्हणून मिळाला, त्याला तो पुढे आवडावा कसा?

7. स्वाध्याय

शिक्षकबंधुभगिनींनी या महिन्यात आपल्या एका वर्गाच्या दोन तासिकांचे वरील रीतीने निरीक्षण करावे. पहिली तासिका नेहमीप्रमाणे घ्यावी. दुसरीत एकच बदल करावा, एकाहून अधिक नको. दोहोंतील ब, उ, चा व धा यांच्या बेरजा शेजारी शेजारी मांडून केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत आणाव्यात. कोणत्या बदलाने कोणत्या खुणा घटल्या व कोणत्या वाढल्या याची चर्चा तेथे करावी. मैदानाच्या कडेला बसून राहणारे मूल क्वचितच तक्रार करते. त्याच्या वतीने बोलण्यास आपली वही उपयोगी पडावी.