सर्जिओ व्हिएरा डी मेलो : स्मरण कशाचे करावे?

रणांगणावर शस्त्र हाती घेऊन पडलेल्या वीराचे स्मरण कसे करावे, हे प्रत्येक समाजाला ठाऊक असते. त्याचे पोवाडे रचले जातात, स्मारके उभी राहतात. परंतु त्याच रणभूमीवर धान्य, औषधे आणि तंबू घेऊन गेलेला मनुष्य मारला गेला, तर त्याचे स्मरण कोणत्या रीतीने करावे? तो लढणाऱ्यांपैकी कोणत्याच पक्षाचा नसतो. म्हणून कोणताच पक्ष त्याला आपला हुतात्मा म्हणत नाही. दरवर्षी १९ ऑगस्ट हा दिवस ‘जागतिक मानवतावादी दिन’ म्हणून पाळला जातो. ज्या घटनेमुळे तो पाळला जाऊ लागला, तिचा विचार केल्यास या प्रश्नाचे काही उत्तर हाती लागते.

सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांचा जन्म १५ मार्च १९४८ रोजी ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे झाला. पॅरिस येथे त्यांनी तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले आणि १९६९ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयात रुजू झाले. बांगलादेशाच्या जन्माच्या वेळी जो अफाट लोकसमूह बेघर झाला, त्याच्या मदतीच्या कार्यात या तरुणाचा सहभाग होता. पुढे सुदान, सायप्रस, मोझांबिक, लेबनॉन, बोस्निया असा त्यांचा प्रवास झाला. जेथे युद्धाने माणसे घराबाहेर काढली, तेथे ते गेले, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्या कार्यपद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. १९९२-९३ मध्ये थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून साडेतीन लाखांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना स्वदेशी परत नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी त्यांनी ख्मेर रूज या रक्तलांछित संघटनेच्या नेत्यांशीही बोलणी केली. यावर पुष्कळांनी टीका केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र ज्या वाटेने निर्वासित घरी जाणार, ती वाट ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही, ही मदतकार्यातील कठोर वस्तुस्थिती आहे. १९९९ पासून त्यांनी पूर्व तिमोरचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सांभाळला. २० मे २००२ रोजी तो देश स्वतंत्र झाला आणि त्यांनी तो कारभार तेथील जनतेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपविला.

त्याच वर्षी ते मानवी हक्क उच्चायुक्त झाले. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिका, ब्रिटन व त्यांच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर आक्रमण केले. त्यानंतर सरचिटणीस कोफी अन्नान यांनी आपले विशेष प्रतिनिधी म्हणून व्हिएरा डी मेलो यांना बगदादला पाठविले. ही नेमणूक अवघ्या चार महिन्यांची होती. १९ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी संघटनेचे कार्यालय असलेल्या ‘कॅनाल हॉटेल’ला लागून, त्यांच्या खोलीच्या खालीच, स्फोटकांनी भरलेल्या मालमोटारीचा स्फोट झाला. ढिगाऱ्याखाली अडकलेले व्हिएरा डी मेलो काही काळ जिवंत होते, बोलतही होते. पण दगडमाती उपसण्यास योग्य अवजारे नव्हती. दोन अमेरिकी सैनिक खाली उतरून हातांनी माती काढीत राहिले, पण त्यांना यश आले नाही. त्या दिवशी एकूण २२ जण मृत्यू पावले, शंभराहून अधिक जखमी झाले. मृतांत अनेक देशांचे लोक होते, तसे इराकी कर्मचारीही होते.

येथवरची हकीकत श्रद्धांजलीस पुरेशी आहे. अभ्यासकाने मात्र येथे थांबू नये. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्ती अहतिसारी यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र चौकशी मंडळाने ऑक्टोबर २००३ मध्ये आपला अहवाल दिला आणि संयुक्त राष्ट्रांची सुरक्षाव्यवस्था निकामी ठरली, असे स्पष्टपणे नमूद केले. धोक्याच्या सूचना मिळूनही नियम पाळले गेले नव्हते. खिडक्यांच्या काचांना संरक्षक आवरण नव्हते. त्या काचांनीच अनेकांना जखमी केले. दारात मोठा लष्करी पहारा असू नये, अशी तेथील अधिकाऱ्यांची इच्छा होती. हा केवळ निष्काळजीपणा नव्हता. रणगाड्यांच्या आड बसणारा मदतनीस सामान्य माणसाला आपला वाटत नाही, हा विचारही त्यामागे होता.

खरा पेच येथे आहे. मदतकार्य करणाऱ्याचे संरक्षण शस्त्राने होत नाही, ते लोकांच्या विश्वासाने होते, असे आपण मानत आलो. परंतु तटस्थता केवळ मनात असून भागत नाही, ती समोरच्याला दिसावी लागते. परकीय फौजांच्या ताब्यातील देशात आलेला संयुक्त राष्ट्रांचा निळा ध्वज अनेक इराकींना त्या फौजांच्या शेजारीच दिसला. पण केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. २७ ऑक्टोबर २००३ रोजी बगदादमधील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या कार्यालयावरही असाच हल्ला झाला. आणि रेडक्रॉसने तर तटस्थता प्राणपणाने जपलेली आहे. अर्थात मारेकऱ्याचा अपराध बळी पडलेल्याच्या चुकीने कमी होत नाही. १९७७ च्या जिनीव्हा पूरक करारानुसार मदतकर्मचाऱ्यांचा आदर व संरक्षण करणे हे लढणाऱ्या पक्षांचे कर्तव्य आहे. बगदादच्या घटनेनंतर आठवड्याभरात सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५०२ संमत करून तेच पुन्हा बजावले.

२००८ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ ऑगस्ट हा दिवस मुक्रर केला. व्हिएरा डी मेलो यांचे नाव जगाला ठाऊक आहे. परंतु जगभर मारल्या जाणाऱ्या मदतकर्मचाऱ्यांत बहुसंख्य त्या त्या देशाचेच असतात : मालमोटारीचे चालक, दुभाषे, परिचारिका, गोदामरक्षक. परदेशी सहकारी परत गेल्यावरही त्यांना तेथेच राहावयाचे असते. अशी वार्ता पुढे वाचनात येईल तेव्हा विद्यार्थ्यांनी हळहळून पान उलटू नये. मारले कोणी, जपण्याची जबाबदारी कोणाची होती आणि त्यानंतर काय बदलले, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. बगदादच्या बाबतीत निदान दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघटनेने स्वतःच्या विरोधात जाऊनही लिहून ठेवले. मृतांविषयीचा तो आदर शोकसभेतील भाषणांहून कमी मोलाचा मानता येणार नाही.