मेंदूच्या दारावरील पहारा

मानवी मेंदूचे रक्षण केवळ कवटी करत नाही. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातील बहुतेक पदार्थ मेंदूत शिरूच शकत नाहीत. या व्यवस्थेला ‘रक्त-मेंदू अडसर’ म्हणतात. विषारी द्रव्यांना रोखणारा हा अडसर कर्करोगावरील अनेक औषधांनाही रोखतो.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतील अत्यंत घातक गाठ होय. बेंगळुरू येथील निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी अशा गाठींतील जनुकांचा एकत्रित अभ्यास केला आहे. शस्त्रक्रियेने गाठ काढली, तरी तिच्या काही पेशी आसपासच्या भागात उरतात. त्यांच्यासाठी किरणोपचार आणि औषध यांची गरज भासते.

टेमोझोलोमाइड हे त्यासाठीचे प्रमुख औषध. ते तोंडावाटे कॅप्सूलच्या रूपात घेतात. जठरातील आम्लात हा लहान रेणू टिकून राहतो आणि अडसरही ओलांडतो. शरीरातील सौम्य अल्कधर्मी वातावरणात मात्र तो विघटित होऊन क्रियाशील बनतो. मग तो पेशीच्या डीएनएला मिथिल गट जोडतो. पेशी विभाजित होताना या बदलामुळे चुका होतात. दुरुस्तीचे प्रयत्न फसतात आणि पेशी मरते.

काही गाठींत एम.जी.एम.टी. नावाचे प्रथिन हा मिथिल गट काढून टाकते. अशा गाठींवर औषधाचा प्रभाव कमी पडतो. म्हणून गाठीच्या नमुन्याची तपासणी महत्त्वाची ठरते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के, तर सोबत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. लाभ मर्यादित असला, तरी रुग्णाच्या कुटुंबासाठी तो मोलाचा असतो.

औषधाच्या रेणूला दुसरा वाहक रेणू जोडून ‘संयुग्मित’ औषध तयार करण्याचे प्रयत्नही होत आहेत. वाहकाच्या साहाय्याने अडसर ओलांडावा, हा त्यामागील हेतू आहे.

टेमोझोलोमाइडमुळे मळमळ होऊ शकते आणि रक्तपेशी घटू शकतात. त्यामुळे ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी करणे आवश्यक असते. घरी घेता येते, म्हणून हे औषध साधे समजू नये; मात्रेत स्वतःहून बदल करणे धोक्याचे ठरते.

स्वाध्याय
१. रक्त-मेंदू अडसर उपकारक आणि अडचणीचाही का ठरतो?
२. टेमोझोलोमाइडमुळे गाठीतील पेशी कशी मरते, ते क्रमाने लिहा.