पायांच्या फुगलेल्या शिरा वेळीच ओळखू या

आपल्या वस्तीतल्या आया-बहिणी चार घरची धुणीभांडी करतात, कुणी झाडूकाम करतो, कुणी वॉचमन असतो. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पाय जड झाले, दुखले की आपण 'थकवा' म्हणून सोडून देतो. पण पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तर तो व्हेरिकोज व्हेन्सचा आजार आहे.

पायांतले रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते. मग घोट्याला सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, खाज सुटते. पुढे घोट्याजवळची कातडी काळपट पडते आणि साधी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही. रोजी बुडते ती तिथे. म्हणून त्याआधीच सरकारी दवाखान्यात पाय दाखवू या.

घरी आल्यावर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. कामात मधूनमधून चालावे. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत. शीर फुटून रक्त आले तर आडवे होऊन पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि दवाखाना गाठावा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. उद्यावर न टाकता लगेच रुग्णालयात जावे.