दुखण्याची गोळी : गुण किती, घात किती?

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. आपल्या वस्त्यांतले कितीतरी बंधू-भगिनी तिथे पाळीवर जातात. पाळी सुटली आणि कंबर धरली, की वाटेतल्या मेडिकलवर "दादा, दुखण्यावर जरा भारी द्या" एवढंच सांगून दोन गोळ्या घेतल्या जातात. ही 'भारी' गोळी खरंच भारी असते का, ते आज समजून घेऊ.

गोळी घेतली आणि दुखणं थांबलं, म्हणजे ते गोळीनेच थांबलं असं नाही. ठणका पुष्कळदा आपोआपही उतरतो. म्हणून औषधाची परीक्षा अशी घेतात : चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. दोन गटांत जो फरक दिसेल, तेवढाच औषधाचा गुण.

अशा परीक्षांचा मोठा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५० हजार रुग्णांची माहिती होती. दाढ काढल्यावर किंवा ऑपरेशननंतर एक डोस दिला, तर निदान निम्मं दुखणं किती जणांचं उतरतं, हे त्यात मोजलं. औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत, दर १० जणांमागे जास्तीचा आराम पडलेले साधारण असे :

• पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम : ३
• आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम : ४
• आयबुप्रोफेन २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र : ६
• कोडीन ६० मिलिग्रॅम : एकाहूनही कमी

कोडीन हे अफूच्या जातीचं, नावाने भारी औषध. त्याच्यापेक्षा साध्या, स्वस्त गोळ्या सरस ठरल्या.

मग मिश्रणाची प्रत्येक गोळी चांगली का? नाही. जे मिश्रण परीक्षेत उतरलं, त्याच्यापुरतंच हे खरं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती. अशा मिश्रणांना उपचाराच्या दृष्टीने आधार नाही आणि धोका संभवतो, असं कारण दिलं गेलं. बंदी त्या मात्रेच्या गोळीवर आहे, म्हणून पाकिटावर नावासोबत मात्राही वाचावी.

आणखी एक गोष्ट. दाढदुखीचा पुरावा कंबरदुखीला जसाच्या तसा लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात अचानक कंबर धरलेल्या सुमारे १६५० रुग्णांवर झालेली परीक्षा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले, औषध नसलेली गोळी घेणारे १६ दिवसांत! आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कंबरेला आराम पडतो, पण थोडाच. अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढी हालचाल ठेवणं, हे तितकंच महत्त्वाचं.

"गोळी नको, सुई मारा" असा आग्रहही आपल्याकडे फार. ज्याला तोंडाने गोळी घेता येते, त्याला याच जातीच्या औषधाची सुई घेऊन जास्त आराम पडतो, असा पुरावा मिळत नाही. मुतखड्याच्या कळा हा अपवाद. तिथे शिरेतून दिलेलं औषध लवकर लागू पडतं. एरवी सुईचे पैसे जातात आणि गळू होण्याची भीती वर.

आता घात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते आणि मूत्रपिंड खराब होऊ शकतं. भट्टीजवळ घाम गाळणारे, पाणी कमी पिणारे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली, तर या गोळ्या व अ‍ॅस्पिरिन नकोत, पॅरासिटामॉलच घ्यावी. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. १२ वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड द्यायला २०११ पासून बंदी आहे. पॅरासिटामॉलही मोठ्या माणसाने दिवसात ४००० मिलिग्रॅमच्या वर घेऊ नये. दारू पिणाऱ्याने आणि लिव्हरचा आजार असलेल्याने त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही ती असते, हे विसरू नये.

मेडिकलवर तीन प्रश्न विचारा : औषध कोणतं, मात्रा किती, किती दिवस? शौच काळी झाली, लघवी कमी झाली किंवा अडली, पाय बधिर पडला, किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर गोळीवर दिवस ढकलू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.